गोठा, काजूबाग आणि आरोग्य केंद्र : माणसांच्या आणि जनावरांच्या आजारांविषयी गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतले शेतकरी, काजू बागायतदार, दूध उत्पादक, आशा सेविका आणि पंच यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. औषधांची मात्रा जिथे दिली आहे, तिथे ती डॉक्टर किंवा पशुवैद्य काय करतील हे तुम्हाला कळावे म्हणून दिली आहे. घरी स्वतः देण्यासाठी नव्हे.

तापाचा रोगी आला की डॉक्टर गुरांची, कुत्र्यांची चौकशी का करतात?

कारण ताप सगळा सारखाच दिसतो. अंग मोडून येणे, डोके ठणकणे, उलट्या हे मलेरियात, डेंग्यूत, लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुत्रातून पसरणारा ताप) आणि माकडतापात असतेच. फरक कळतो तो रोगी कुठे होता यावरून. आठवड्यापूर्वी काजूच्या बागेत बोंडू वेचत होता, की खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) गुडघाभर चिखलात, की गाभ टाकलेल्या गाईची वार काढत होता? दवाखान्यात बहुतेक जण "साधा ताप आहे" एवढेच सांगतात आणि ही माहिती घरीच राहते. सांगायला संकोचू नका. बोंडू वेचल्याचे सांगितल्याने पुढचे दोन दिवस चुकीच्या तपासण्यांत जात नाहीत.

माकडताप म्हणजे नक्की काय? तो गोव्यात कधी आला?

क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी, हा विषाणूचा आजार आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे माणसे तापाने पडत होती त्याच सुमारास रानात माकडे मरत होती, म्हणून लोकांनी त्याला माकडताप म्हटले. नाव थोडे फसवे आहे. माकडाकडून माणसाला तो थेट होत नाही, मध्ये गोचीड असते. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली. पुढच्या एक-दोन वर्षांत सीमेपलीकडे दोडामार्ग आणि बांदा भागातही रुग्ण सापडले. रान सलग आहे, त्याला राज्याची हद्द ठाऊक नाही.

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक मोठा ताप, कपाळात ठणका, कंबर आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे, उलटी, जुलाब, लाल डोळे. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. रक्तात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत उठतात, पण दहा ते वीस टक्क्यांना मधल्या बऱ्या दिवसांनंतर ताप उलटतो आणि त्या दुसऱ्या खेपेला तोल जाणे, कंप, बरळणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून "ताप उतरला, आता बरा" असे म्हणून घरी आणलेल्या माणसावर आणखी दोन आठवडे नजर ठेवावी. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. नेमके औषध नाही. पाणी, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढाच उपचार. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

काजूच्या मोसमातच का होतो?

गोचिडीच्या आयुष्यक्रमामुळे. मोठी गोचीड पावसाळ्यात गुरांवर आणि रानटी जनावरांवर असते. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली साचलेल्या सुक्या पानांत, हजारो अंडी घालते. दिवाळीच्या आसपास अंड्यातून बारीक पिल्ले निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी यांच्यावर जगतात. त्यानंतरचा टप्पा तिळाएवढ्या मधल्या वयाच्या गोचिडीचा, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत. माणसाला बहुधा तीच चावते, आणि ती इतकी लहान असते की कळतही नाही. नेमके त्याच महिन्यांत माणसे काजूखालच्या सुक्या पातेऱ्यात वाकून किंवा उकिडवे बसून बोंडू गोळा करतात.

बागेत जाताना काय करावे?

डीएमपी किंवा डेपा हे अंगाला लावायचे तेल आरोग्य केंद्रात विचारावे. उघड्या हातापायांवर, मानेवर, कानामागे लावायचे. डोळे, ओठ आणि जखम सोडून. त्याचा असर काही तासच टिकतो. घामाने तर लवकरच जातो, त्यामुळे सकाळी घरून लावलेले तेल दुपारपर्यंत पुरत नाही. बाटली सोबत न्यावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटचे पायचे मोज्यात खोचलेले. उन्हात हे जाचते, आम्हाला माहीत आहे. सगळे जमत नसेल तर निदान पाय झाका आणि तेल चुकवू नका.

काठीच्या टोकाला खिळा लावून उभ्याने बोंडू टोचून उचलण्याची जुनी पद्धत इथे कामाला येते, कारण पातेऱ्यात बसावे लागत नाही. बोंडू पिळायच्या जागेजवळ आणि चालायच्या वाटेवरचा पातेरा मोसमापूर्वी झाडून काढा. न्याहारीला पातेऱ्यावर बसू नका, कपडे तिथे टाकू नका. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि साबणाने आंघोळ करताना काखा, जांघा, बेंबी, कानामागे आणि केसांत बोटे फिरवून बघा.

गोचीड चिकटलेली सापडली तर?

बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर, हळू ओढा. पिळू नका. रॉकेल, तंबाखू, चुना, जळती उदबत्ती यांनी ती सुटण्याऐवजी पोटातला स्राव चाव्यात ओतण्याची शक्यता वाढते. नखांत धरून चिरडणे तर सर्वांत वाईट. जागा साबणाने धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठ-दहा दिवसांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना हवी असते.

रानात मेलेले वानर किंवा माकड दिसले. हात लावावा का?

नाही, काठीनेही ढोसू नका. माकड मेले, अंग थंड पडले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि त्याच जागी पातेऱ्यात भुकेल्या बसतात. पुढचे काही आठवडे ती जागा सर्वांत धोक्याची असते. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. ठिकाण सांगताना "मोठ्या आंब्याजवळ" पुरत नाही, मोबाईलवर जागा टिपून पाठवा. प्रशिक्षित माणसे संरक्षक कपडे घालून शवविच्छेदनाचे नमुने घेतात आणि भोवतालच्या जमिनीवर गोचीडनाशक भुकटी टाकतात. शव कुजले की नमुन्याला अर्थ उरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकू नका. वानर, म्हणजे काळ्या तोंडाचे, आणि लाल तोंडाचे माकड, दोन्हींना हा रोग होतो. त्यांचे मरण हाच गावाला मिळणारा आगाऊ इशारा असतो. माणसाचा पहिला रुग्ण त्यानंतर येतो, आणि मधले ते दिवस वाया गेले तर तेलवाटप आणि सर्वेक्षण उशिरा सुरू होते.

गुरांना गोचिडीचे औषध मारले तर माणसाला उपयोग होतो का?

होतो, पण एकदा मारून नाही. गुरे स्वतः या तापाने विशेष आजारी पडत नाहीत; मात्र रानात चरून आलेली गाय अंगावर शेकडो गोचिडी घेऊन गोठ्यात येते आणि त्यांची पैदास वाढवते. फवारणीचे औषध डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचे असते. बाटलीवर जितके पाणी लिहिले आहे तितकेच घालावे. औषध पातळ केल्यास गोचिडी मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. काख, कास, शेपटीखाली आणि कानांच्या आत ब्रशने लावायला विसरतात, तिथेच त्या दाटीने असतात. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा आणि जमिनीच्या फटी बुजवल्या नाहीत तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन (साधारण ५० किलोला १ मिली, कातडीखाली) दुभत्या गाईला देऊ नये, ते दुधात उतरते.

तपासणीसाठी रक्त कधी द्यावे? पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि याबद्दलच सर्वांत घोटाळा होतो. तापाच्या पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर उपयोगी. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली द्रव्ये, दिसू लागतात, तेव्हा एलायझा ही चाचणी. तिसऱ्या दिवशी फक्त एलायझा केली, किंवा पंधराव्या दिवशी फक्त पीसीआर, तर दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात आणि रोगी मात्र माकडतापाचाच असतो. म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर "तापाचा पहिला दिवस" हा रकाना रिकामा राहिला की रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही. तो भरला आहे का, हे रुग्णाच्या नातेवाइकाने बघायला हरकत नाही.

रक्त साधारण ३ ते ५ मिली काढतात. सीरम (रक्तातला पातळ भाग) वेगळे करून २ ते ८ अंशांवर, तीन थरांच्या पेटीत पुढे जाते. अख्खे रक्त गोठवले तर पेशी फुटतात आणि नमुना बाद होतो. बर्फाच्या खड्यावर थेट ठेवलेली नळी हे बिघडण्याचे नेहमीचे कारण.

माकडतापावर लस नाही का?

होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, नंतर वर्धक मात्रा, असा तिचा क्रम होता. पण संरक्षण अपुरे पडत असल्याचे दिसले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नवी लस तयार करण्याचे काम चालू आहे. तोपर्यंत तेल आणि कपडे यांवरच भिस्त.

कुत्रा चावला. पहिल्या तासात काय करायचे?

जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून. बहुतेक माणसे दोन मिनिटांत थांबतात. हळद, मिरची, चुना, कॉफी पावडर काही लावू नका, आणि टाके घालायची घाई करू नका. मग आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस कातडीत घेण्याच्या पद्धतीत दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, अशा चार भेटी: ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. शून्य दिवस म्हणजे चावल्याचा नव्हे, पहिली सुई घेतल्याचा. सोमवारी पहिली, तर गुरुवारी दुसरी, पुढच्या सोमवारी तिसरी आणि पहिलीपासून चार आठवड्यांनी सोमवारीच शेवटची. दंडात स्नायूत घेत असाल तर पाच सुया, १४ वा दिवस वाढतो.

रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला, ओठ-डोळ्यांना लाळ लागली असेल, तर लस पुरत नाही. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, लागते: घोड्यापासूनचे किलोला ४० युनिट किंवा मानवी २० युनिट. ५० किलोच्या माणसाला घोड्याचे २००० युनिटपर्यंत. ते जखमेत आणि जखमेभोवतीच टोचतात, पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. यासाठी केंद्रात साठा नसेल तर "उद्या या" ऐकून घरी जाऊ नका. लस त्याच वेळी सुरू करा आणि इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल ते चिठ्ठीवर लिहून मागा.

कुत्रा किंवा मांजर १० दिवस बांधून बघतात, पण लस तोवर थांबवत नाहीत. दहा दिवसांनी जनावर ठणठणीत असेल तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतात. माकड, कोल्हा किंवा गाय यांना हा नियम लागू नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्यांना पुन्हा चावा आल्यास फक्त ० आणि ३ असे दोन डोस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. जुनी चिठ्ठी जपून ठेवण्याचा फायदा हाच.

पण गोव्यातून रेबीज गेला ना?

गोव्याने जे केले ते भारतात वेगळे आहे. २०१३ ते २०१९ या काळात फिरत्या पथकांनी मोबाईल ॲपवर गल्लीबोळांची नोंद ठेवत वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली, ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचले आणि कुत्र्यांतली महिन्याची रेबीज प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली. माणसांचे मृत्यू शून्यावर आले. त्यानंतर २०२१ मध्ये राज्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर करण्यात आले. मात्र ७० टक्के हा उंबरठा आहे. खाली घसरला की शेजारून आलेला एक कुत्रा पुरे. म्हणून पिल्लांना लस आणि चावल्यावर सुई, दोन्ही चालूच ठेवायचे.

गाय लाळ गाळते, हंबरते, खात नाही. घशात काही अडकले असेल का?

असे वाटूनच माणसे हात कोपरापर्यंत तिच्या तोंडात घालतात, आणि धोका तिथेच होतो. जनावर दोन-तीन दिवस विनाकारण हंबरत असेल, लाळेची तार लोंबत असेल, पाय लटपटत असतील, आणि महिनाभरापूर्वी त्याला कुत्रा चावला होता का हे आठवत नसेल, तर तो रेबीज असू शकतो, हात घालू नका. बांधून ठेवा, दूध काढू नका, पशुवैद्याला बोलवा. ज्यांनी आधीच हात घातला असेल, त्यांनी त्याच दिवशी लस सुरू करावी. दूध उकळले की विषाणू मरतो, पण संशयित जनावराचे दूध वापरूच नये. कुत्र्याने चावलेल्या गाईला वेळेत कळले तर चावल्यानंतरचे लसीकरण करता येते, पशुवैद्याला विचारा.

लेप्टो फक्त उंदरांमुळे होतो का?

उंदीर मोठे कारण, पण गाई, डुक्कर, कुत्रे यांच्या मुत्रातूनही ते जंतू पाण्यात जातात. भातलावणीच्या चिखलात पायावरच्या भेगांतून ते शिरतात. ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. पोटऱ्या दाबल्या की ओरडावे इतक्या दुखतात, डोळे लाल होतात. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे पडले तर थेट मोठे रुग्णालय गाठा. डॉक्टर अनेकदा रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन सुरू करतात, कारण उशीर महाग पडतो. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी देतात; गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांना नाही. गमबूट घाला असे सगळे सांगतात, पण खाजनाच्या चिखलात बूट रुततो आणि माणूस तो काढून बांधावर ठेवतो. तसे होणार असेल तर निदान जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा.

गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अडकली आहे. ओढू का?

उघड्या हाताने नको. गाभ पाडणाऱ्या ब्रुसेला रोगाचे जंतू त्या वारेत आणि पाण्यात भरपूर असू शकतात. हातमोजे, तोंडाला कपडा, आणि मेलेले वासरू, वार, खालचे गवत खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांना ते ओढू देऊ नका. पशुवैद्य गाईचे रक्त किंवा दूध तपासून घेतील. माणसात हा ताप आठवडेच्या आठवडे चढतो-उतरतो, रात्री घाम येतो, कंबर आणि सांधे दुखतात. टायफॉइड समजून दहा दिवसांचे औषध दिले जाते, ताप जातो, पंधरवड्याने परत येतो. खरा उपचार सहा आठवड्यांचा, दोन औषधे एकत्र. मादी वासरांना ४ ते ८ महिने वयात एकदाच एस-१९ लस देतात. ती जिवंत जंतूंची आहे; देणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच रोग होऊ शकतो, म्हणून वासराला दोघांनी घट्ट धरा.

लंपी झालेल्या गाईचे दूध चालते का?

लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठणारा रोग, माणसाला होत नाही. उकळून चालते. अँटिबायोटिक चालू असेल तर औषधाच्या लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत दूध सोसायटीला देऊ नका.

संशोधक गावात येऊन आमचे आणि गुरांचे रक्त मागतात. द्यावे का?

विचारून द्यावे. मराठी किंवा कोकणीतला संमतीपत्राचा कागद मागा, त्याची प्रत ठेवा. नमुन्यावर कोणत्या तपासण्या होणार, किती वर्षे साठवणार, तुमचा रिपोर्ट कधी आणि कोण देणार, हे विचारा. नीतिमत्ता समितीची मंजुरी असल्याशिवाय माणसाचा नमुना घेता येत नाही. नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे सरकारी उपचार अडत नाहीत. मुलांसाठी पालकांची सही लागते.

कोणी रानात मीटरभर लांबी-रुंदीचे पांढरे कापड पातेऱ्यावर ओढत चाललेले दिसले तर तो गोचीड गोळा करणारा असतो. कापडाला चिकटलेल्या गोचिडी जातीनुसार वेगळ्या करून गटागटाने तपासतात. कुठल्या वाडीच्या रानात विषाणू फिरतो आहे हे त्यातून माणूस आजारी पडण्याआधी कळते. याच कामासाठी माणूस, जनावर आणि रान एकत्र बघणारी राष्ट्रीय संस्था नागपूरला होत आहे; तिची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली, मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी. गोव्यापुरते विचाराल तर आम्हाला त्याहून अधिक हवे आहे ते हे, की पशुवैद्याकडे आलेली गाभ टाकण्याची बातमी त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राच्या टेबलावर पोहोचावी.

आमच्या वाड्यावर सायंकाळी बस नाही, रेंज नाही. गंभीर रोगी कसा न्यायचा?

१०८ ला फोन करताना वाड्याचे नाव, जवळचे देऊळ किंवा पूल, आणि गाडी कुठपर्यंत येते ते आधी सांगा. रेंज असलेली जागा गावात सर्वांना माहीत असते, तिथे एक माणूस उभा ठेवा. सत्तरीत वाळपईचे सामाजिक आरोग्य केंद्र पहिले ठिकाण, दक्षिणेत काणकोण आणि कुडचडे. पुढे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळी. दोडामार्गकडचे रुग्णही तिथेच येतात. साध्या सल्ल्यासाठी ई-संजीवनीवर आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी बोलता येते. भरती व्हावे लागल्यास दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कार्डाची मुदत संपली नाही ना, ते काजूचा मोसम सुरू होण्यापूर्वी बघून ठेवा.

आणि जनावरासाठी?

१९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा क्रमांक. कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर वाचून सांगा. दोन जनावरे एकाच आठवड्यात गाभ टाकत असतील, किंवा एकाच गोठ्यात जनावर आणि माणूस दोघे आजारी असतील, तर ते वाक्य फोनवर सर्वांत आधी बोला, नाव-पत्त्याच्याही आधी. जनावर मेले तर पुरण्यापूर्वी पशुवैद्याला विचारा. अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त येत असेल तर फाडू नका, कातडे काढू नका, मांस वाटू नका: तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. शव उघडले की त्याचे बीजाणू त्या जमिनीत वर्षानुवर्षे राहतात.